पल्ल्याच्या रकान्याची कुळकथा

नव्वदच्या दशकात वडाळ्याच्या पोर्ट ट्रस्ट कॉलनीत शाळेला सुट्टी लागली की ट्रम्प कार्डांचे डाव रंगायचे. विमानांच्या कॅटमध्ये काँकॉर्ड ज्याच्या हाती, तो ‘स्पीड!’ ओरडून समोरच्याचा पत्ता खेचायचा. पण जंबोवाल्यानं ‘पॅसेंजर’ म्हटलं की काँकॉर्डचा निकाल लागायचा. चार-पाच आकड्यांत अख्खं विमान मावायचं आणि कुणाची तक्रार नसायची. पुढं विमान कंपनी चालवण्याचे संगणकी खेळ आले. त्यांच्या पोटातही हाच पत्ता होता, फक्त रकाने वाढले: आसनं, पल्ला, इंधन, देखभाल, किंमत.

या पत्त्याचं कूळ खणत गेलं तर एक मूळ प्रशियाच्या सैन्यात सापडतं. राइसविट्झ नावाच्या तोफखान्यातल्या लेफ्टनंटनं 1824 मध्ये ‘क्रीगश्पील’ हा युद्धाचा खेळ नकाशावर मांडला. कोणती तोफ किती अंतरावर किती माणसं पाडते, याचे तक्ते त्यानं प्रत्यक्ष चाचण्यांच्या आधारानं बनवले होते. खेळ खरा वाटायचा, पण एक चाल म्हणजे फासे, बेरजा आणि पुन्हा तक्ते. अखेर 1876 मध्ये व्हेर्डी द्यु व्हेर्न्वा या अधिकाऱ्यानं तक्तेच बाजूला ठेवायला सांगितले. अनुभवी पंच म्हणेल तो निकाल. खरेपणा हवा की सुटसुटीतपणा, हे भांडण विमानाहून जुनं आहे ते असं.

दुसरं मूळ जर्मन मुलांच्या ‘क्वार्टेट’ पत्त्यांचं. त्यावर मोटारी-विमानांचे आकडे छापले जाऊ लागले, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडात त्याच घाटाचे ‘टॉप ट्रम्प्स’ निघाले आणि आपली ट्रम्प कार्डं त्याच गोतावळ्यातली. तिसरं मूळ अमेरिकेतल्या रँड संस्थेचं: 1955 चा ‘मोनोपोलॉग्ज’. त्यात खेळाडू हवाई दलाच्या सुट्या भागांचा साठा सांभाळायचा. धंदा शिकवणाऱ्या खेळांची पिढी तिथून सुरू झाली.

1992 मध्ये कोएई या जपानी कंपनीचा ‘एरोबिझ’ हा विमान कंपनी चालवण्याचा खेळ आला. त्यात एक चाल तीन महिन्यांची! म्हणजे धुकं, वैमानिकाची रजा, सकाळची उशिरा सुटलेली फेरी असलं काही उरलंच नाही. मला हे पटतं. कंपनीचा मालक जे ठरवतो तेवढंच खेळाडूनं ठरवायचं.

‘ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्स’ या वाहतुकीच्या खेळानं तर सरळ लबाडी केली. तक्त्यात विमानाचा वेग रुबाबदार, पण नकाशावर ते आगगाड्यांच्या हिशेबानं त्याच्या चौथाईनंच उडायचं. नाहीतर रूळ टाकायच्या भानगडीत कोण पडलं असतं? पुढं ‘ओपनटीटीडी’ या त्याच्या मुक्त अवतारात चौथाई की पूर्ण, हे खेळाडूवर सोडलं गेलं.

खरा घोळ मात्र पल्ल्याच्या रकान्यात आहे. उडताना विमानाच्या वजनाला कमाल मर्यादा असते. रिकामं विमान, इंधन, माणसं आणि सामान यांची बेरीज तिच्या आत बसवावी लागते. लांब जायचं तर इंधन वाढतं, मग माल उतरवावा लागतो. त्यामुळं एका विमानाला एकच पल्ला नसतो. ओझ्यानुसार तो बदलतो. खेळात मात्र तिथं एकच आकडा छापलेला असतो.

आसनांचंही तसंच. 8 जून 1948 ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेलं. लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीच्या त्या विमानात 40 आसनं होती. त्याच जातीत इतर कंपन्यांनी बरीच जास्त माणसं बसवली. म्हणजे तो आकडा कारखान्याइतकाच कंपनीचा. पल्ल्याचंच अलीकडचं सांगायचं तर एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं आणि दिल्ली आणि उत्तर अमेरिका यांच्यातल्या एअर इंडियाच्या काही विमानांना व्हिएन्ना, कोपनहेगनला इंधनासाठी उतरावं लागलं. विमान तेच, माहितीपत्रकातला पल्ला तोच, वाट लांबली.

म्हणून खेळ बनवणाऱ्यानं सगळं वजनाचं गणित खेळाडूच्या गळ्यात मारावं, असं मी म्हणणार नाही. पल्ल्याचे दोन आकडे द्यावेत, एक भरल्या विमानाचा आणि एक अर्ध्या रिकाम्याचा. तेवढ्यानं मधल्या थांब्याचा खरा पेच हातात येतो. इंधनाचे दशांश खुशाल गाळावेत. त्यांच्या जागी मला पावसाळा हवा. 15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे पुस मॉथ विमानातून टपाल घेऊन जुहूला उतरले. पण पावसाळ्यात जुहूचं मैदानच पाण्याखाली जायचं, मग टाटांची सगळी विमानसेवा गाशा गुंडाळून पुण्याला हलायची. वेग, आसनं, पल्ला सगळं शाबूत, आणि उतरायला जमीन नाही: असा डाव कुणी मांडला तर मी पहिला खेळायला बसेन.