निरोप्या आणि कॅमेरा

सोफोक्लीसच्या नाटकातला ईडिपस राजा स्वतःचे डोळे फोडून घेतो, हे पुष्कळांना ठाऊक असतं. पण ते फोडून घेताना अथेन्सच्या प्रेक्षकांनी त्याला कधी पाहिलं नाही. राजवाड्यातून एक सेवक बाहेर येतो आणि आत काय घडलं ते सांगतो. ग्रीक शोकांतिकेचा हा बहुतेक शिरस्ताच होता. खून, आत्मघात, बळी, सगळं दाराआड घडायचं. प्रेक्षकांच्या वाट्याला येई ते निरोप्याचं निवेदन. आपल्या नाट्यशास्त्रानेही युद्ध आणि मृत्यू अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकातून कळवावेत, असंच सांगितलं आहे. ऐकलेली गोष्ट मनात किती मोठी होते, हे नभोवाणीच्या श्रोत्यांना मी वेगळं सांगायला नको.

मग अशी नाटकं चित्रपटात नेताना काय करायचं? कॅमेऱ्याला दाराबाहेर उभं राहायची सवय नाही. टायरन गथ्री यांनी 1957 साली ‘ईडिपस’ चित्रित केला, तो नटांच्या चेहऱ्यावर मुखवटे ठेवूनच. पाहताना आपण नाट्यगृहात आहोत असंच वाटत राहतं. पासोलिनी या इटालियन दिग्दर्शकाने 1967 मध्ये अगदी उलट टोक गाठलं. मूळ नाटकात राजा जी पितृहत्या नुसती सांगतो, ती त्याने मोरोक्कोच्या रखरखीत उन्हात प्रत्यक्ष घडवून दाखवली.

या दोहोंच्या मधली वाट काढली मायकेल काकोयानिस यांनी. सायप्रसमध्ये जन्मलेल्या या दिग्दर्शकाने युरिपिडीसची तीन नाटकं पडद्यावर आणली: ‘इलेक्ट्रा’ 1962 साली, ‘ट्रोजन विमेन’ 1971 साली आणि ‘इफिजेनिया’ 1977 साली. तिन्हींना संगीत मिकिस थिओडोराकिस यांचं, आणि तिन्हींत आयरीन पापास. त्यांतलं ‘इफिजेनिया’चं उदाहरण मला मोठं बोलकं वाटतं.

कथा अशी. ट्रॉयवर चालून निघालेलं ग्रीकांचं आरमार ऑलिस बंदरात वाऱ्याअभावी अडकून पडलं आहे. देवीला सेनापती अगॅमेम्नॉनच्या मुलीचा बळी हवा आहे. लग्नाचं निमित्त सांगून मुलीला बोलावून घेतलं जातं. नाटकाच्या उपलब्ध संहितेत शेवटी निरोप्या येऊन आईला सांगतो की, सुरी चालली त्या क्षणी मुलगी अदृश्य झाली आणि वेदीवर हरिणी पडलेली दिसली. हा शेवट मूळचा युरिपिडीसचा की मागाहून कुणी जोडलेला, याविषयी पंडितांत वाद आहे. पण गंमत पहा, तिथेही आईचा त्यावर विश्वास बसत नाही. आपलं सांत्वन करायला रचलेली ही कहाणी नाही कशावरून, असं तिला वाटतं. निरोप्याचं बोलणं खरंही असेल, खोटंही असेल. प्रेक्षकाने काय ते ठरवावं.

कॅमेऱ्याला ही मोकळीक नसते. हरिणी दाखवली तर चमत्कार खरा झाला. नाही दाखवली तर खोटा. काकोयानिस यांनी ती दाखवली नाही. मुलगी पायऱ्या चढत धुरात दिसेनाशी होते. इतका वेळ पडलेला वारा सुटतो. बाप मागोमाग धावत वर जातो आणि आपल्याला दिसतो तो फक्त त्याचा चेहरा. सुरी मात्र दिसत नाही. सगळं दाखवण्याची ताकद हाती असून त्यांनी दार लोटूनच घेतलं, आणि निरोप्याचं काम एका चेहऱ्याकडे सोपवलं. दूरवर बसलेल्या हजारो प्रेक्षकांसाठी मुखवटा घालणाऱ्या ग्रीक नटाला हे साधणारं नव्हतं. इथे कॅमेऱ्याने शोकांतिकेला नवीन काही दिलं, असं म्हणावं लागेल.

पण एक गोष्ट त्याला देता आली नाही. इ. स. पूर्व 416 मध्ये अथेन्सने मेलोस बेट जिंकून तिथले पुरुष मारले, बायकामुलांना गुलाम केलं. पुढल्याच वर्षी युरिपिडीसने ‘ट्रोजन विमेन’ रंगभूमीवर आणलं. हरलेल्या नगरीतल्या विधवांचा तो आक्रोश विजेत्यांनीच ऐकला, भर दिवसा, एकमेकांच्या देखत. शेजारी कसा बसला आहे हे प्रत्येकाला दिसत होतं.

काकोयानिस यांनी याच नाटकाचा चित्रपट केला तेव्हा ग्रीसमध्ये लष्करशहांचं राज्य होतं. म्हणून ग्रीकांचं हे नाटक स्पेनमध्ये आणि इंग्रजीत चित्रित झालं. थिओडोराकिस तर त्या राजवटीचा तुरुंगवास भोगून 1970 मध्ये देशाबाहेर पडले होते. म्हणजे अडीच हजार वर्षांनीही नाटकाची धार बोथट झालेली नव्हती.

आज हे चित्रपट आपण घरी बसून पाहू शकतो. पीटर हॉल यांची मुखवट्यांतली ‘ओरेस्टिया’ लंडनच्या रंगभूमीवर 1981 मध्ये आली आणि 1983 मध्ये दूरचित्रवाणीवरून ब्रिटनमधल्या घराघरांत पोचली. सोय मोठी झाली, यात शंका नाही. पण घरात शेजारी नसतो, आणि असह्य झालं तर बटण दाबून थांबता येतं. अथेन्सच्या नागरिकाजवळ ते बटण नव्हतं. तेव्हा एवढंच सुचवतो की, ‘ट्रोजन विमेन’ पाहायचं झालं तर चार माणसं जमवून पाहावं, आणि मध्ये उठू नये.