कॉर्नवॉलचा उघडा हिशेब

धूर न ओकणारी यंत्रे लवकर हवी असतील तर त्यांची पेटंटे सर्वांना खुली करावीत काय, हा वाद हल्ली चांगलाच रंगतो. मक्ता गेला तर शोध लावण्याचे कष्ट कोण घेईल, असे एक पक्ष विचारतो. याचे उत्तर आम्हांला सापडले ते इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलच्या तांब्या-कथलाच्या खाणींत.

या खाणींत पाणी भरे. ते उपसण्यास वाफेचे एंजिन लागे आणि त्याचा कोळसा वेल्समधून जहाजाने आणावा लागे. जेम्स वॉटने 1769 मध्ये वेगळ्या कंडेन्सरचे पेटंट घेतले. 1775 मध्ये पार्लमेंटने त्याची मुदत थेट 1800 पर्यंत वाढविली. जुन्या एंजिनाच्या मानाने जेवढा कोळसा वाचे, त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा बोल्टन आणि वॉट घेत. शोध मोठा, यात शंका नाही. पण जोनाथन हॉर्नब्लोअरने 1781 मध्ये काढलेले दोन सिलिंडरांचे एंजिन वॉटच्या पेटंटाच्या धाकाने पसरू शकले नाही.

1800 साली हे पेटंट संपले. लगेच सुगी आली काय? नाही! बोल्टन आणि वॉट यांची माणसे निघून गेली, एंजिनांची निगा उलट बिघडली. जो तो आपल्या खाणीपुरते पाही. मग 1811 मध्ये जोएल लीन या खाण-कप्तानाने दरमहा एक तक्ता काढण्यास आरंभ केला. कोणती खाण, कोणते एंजिन, एंजिनिअर कोण आणि एक बुशेल कोळशावर किती पौंड पाणी एक फूट चढले, हे सारे त्यात उघड. कारखान्यात आकडे मागितले की 'ते गोपनीय आहेत' हेच उत्तर आम्ही जन्मभर ऐकत आलो. तेव्हा या तक्त्याचा आम्हांला हेवा वाटला तर नवल नाही.

पुढच्याच वर्षी रिचर्ड ट्रेव्हिथिकने व्हील प्रॉस्पर खाणीवर अधिक दाबाच्या वाफेचे नवे एंजिन बसविले आणि त्याचे पेटंट घेतले नाही. इतरांनी ते पाहिले, त्यात सुधारणा केल्या, त्यांचेही आकडे तक्त्यात आले. वॉटच्या काळी सरासरी सुमारे 2 कोटी पौंडांची होती; 1840 नंतरच्या वर्षांत ती 6 कोटींवर गेली. फोवे कन्सोल्स खाणीवरील 1835 च्या चाचणीत तर 12.5 कोटींचा आकडा निघाला.

हा काही दानधर्म नव्हे. एकेका भागधारकाचा पैसा अनेक खाणींत गुंतलेला असे, आणि एंजिनिअरला तक्त्यातले नावच पुढचे काम मिळवून देई.

2008 मध्ये आय.बी.एम., नोकिया, सोनी आदी कंपन्यांनी पर्यावरणाला उपकारक अशी पेटंटे 'इको-पेटंट कॉमन्स' या नावाने खुली केली. ती कोणी वापरली, त्यातून काय निघाले, हे कळविण्याची व्यवस्था मात्र केली नाही. 2016 मध्ये ते बंद पडले. लीनचा तक्ता 1904 पर्यंत निघत होता. त्यात एंजिनिअरच्या नावाचा रकाना होता. भट्टीत कोळसा टाकणाऱ्याच्या नावाचा नव्हता.