पुस्तक मिटल्यावर

परीक्षेच्या आदल्या रात्री एकच धडा पाचव्यांदा वाचीत बसलेले मूल आपण घरी पाहिले असेल. वाचताना सारे ओळखीचे वाटते. उत्तरपत्रिकेसमोर मात्र काही सुचत नाही. या अडचणीवरचा उपाय फार जुना आहे. निव्वळ पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा मधूनमधून न बघता म्हणून पाहावे, असे इंग्लंडच्या फ्रान्सिस बेकनने १६२० मध्येच सांगितले होते.

पुढे जर्मनीत हर्मान एबिंगहाउसने स्वतःवरच प्रयोग केले. निरर्थक अक्षरे पाठ करून, विस्मरण पहिल्या काही तासांतच सर्वांत वेगाने होते, असे त्याने १८८५ मध्ये दाखविले. १९१७ साली अमेरिकेत आर्थर गेट्सने शाळकरी मुलांना अभ्यासाचा बराच वेळ पाठ म्हणण्यात घालवावयास लावला. त्याचा लाभ झालेला दिसला.

परंतु खरा मोठा प्रयोग हर्बर्ट स्पिट्झरचा. आयोवा राज्यातील नऊ शहरांतील ९१ शाळा व सहावीची ३,६०५ मुले! मुलांना भुईमूग आणि बांबू या विषयांवरील लेख वाचावयास दिले व नंतर परत घेतले. कोणत्या गटाची चाचणी त्याच दिवशी झाली, कोणाची आठवड्याने, तर एका गटाची थेट ६३ दिवसांनी. ज्यांची चाचणी लवकर झाली, त्यांचे पुढचे विस्मरण रोखले गेले. उशिरा विचारले, तोवर आठवण्यासारखे फारसे उरलेच नव्हते. हा निबंध १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि दुर्दैवाने शिक्षकांपर्यंत फारसा पोहोचला नाही. चाचणी म्हणजे गुण मोजण्याचे साधन, ही आम्हा शिक्षकांची समजूत कायम राहिली. (आपल्याकडे संध्याकाळी परवचा म्हणवून घेणाऱ्या आजोबांनी मात्र गुण कधी दिले नाहीत!)

२००६ साली रोडिगर व कारपिकी यांनी हा विषय पुन्हा हाती घेतला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा सरासरी १४ वेळा वाचला. दुसऱ्याने जेमतेम तीन-चार वेळा वाचून, मग तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पहिला गट पुढे होता. आठवड्याने चित्र पालटले: पहिल्यास ४० टक्के आठवले, दुसऱ्यास ६१ टक्के. आपल्याला चांगले आठवेल, असा अधिक विश्वास मात्र पहिल्याच गटाला होता.