खाका (काष्ठकोरीवकाम)

लाकडावर कोरायच्या नक्षीचे मूळ मापातले, नुसत्या रेषांनी केलेले आणि जसेच्या तसे लाकडावर उतरवता येईल असे रेखाटन. फार्सीत ‘खाक’ म्हणजे धूळ किंवा माती. भोके पाडलेल्या कागदावर कोळशाच्या पुडीची पुरचुंडी थोपटून आकृती खाली उतरवायची जुनी रीत होती. शब्दाचे मूळ तिच्यात आहे. मराठीत तो पुढे कोणत्याही आराखड्याला लागला. ठसे कोरणारे आणि भरतकाम करणारे कारागीर मात्र अजून तो जुन्या अर्थानेच वापरतात.

चित्र आणि खाका : चित्रात छाया असते, रंग असतो, अर्धवट सोडलेली रेषाही शोभून दिसते. खाक्यातल्या प्रत्येक रेषेला मात्र एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते : तिच्या कोणत्या बाजूचे लाकूड राहणार आणि कोणत्या बाजूचे जाणार? ज्या रेषेपाशी हे उत्तर नाही, ती खोडावी. त्यामुळे कल्पनेचा खाका करताना भर घालण्यापेक्षा गाळणेच जास्त असते.

वेलीवर बसलेला पोपट कोरायचा आहे, असे धरू. पिसांची मऊ छटा लाकडात येत नाही. तिच्याऐवजी खवल्यांसारख्या दोन-तीन ओळी घ्याव्या लागतात. शेपटी लांब आणि निमुळती असल्याने ती लाकडाच्या धाग्याच्या दिशेने ठेवावी. आडवी गेली तर धागे आखूड तुटतात आणि टोक पटाशीच्या पहिल्याच ठोक्याला उडते. काडीसारखे पाय मोकळे ठेवता येत नाहीत. त्यांच्यामागे पान सरकवायचे किंवा फांदी जाड करायची. चोच पानाला नुसती टेकलेली असू नये : एक तर ती पानावर स्पष्ट चढलेली असावी, नाहीतर दोहोंमध्ये पटाशीचे पाते जाईल एवढे अंतर असावे. जाळीकामात आणखी एक अट येते. प्रत्येक आकार कुठे ना कुठे चौकटीला जोडलेला हवा, नाहीतर तो गळून पडेल. लाकूडही पाहावे लागते. अक्रोडाचा धागा बारीक असल्याने जी रेषा त्यात टिकते, ती सागात टिकेलच असे नाही. इतके फेरफार झाल्यावरही पोपट पोपटच दिसला, तर खाका साधला.

उतरवण : सर्वांत सोपी रीत कागद थेट चिकटवून त्याच्यावरूनच कोरण्याची. दुसरी रीत टोचून पूड उतरवण्याची. तीत खाका पुन्हा पुन्हा वापरता येतो. सममित नक्षीचा अर्धाच भाग काढतात, कागदाची घडी घालून दोन्ही पदर एकदम टोचतात, म्हणजे डावी-उजवी बाजू तंतोतंत जुळते. नेहमी लागणाऱ्या आकारांचे पत्र्याचे कापीव नमुने ठेवतात.

हान्शिता : खाक्याचा सर्वांत काटेकोर उपयोग जपानी काष्ठठसाचित्रांत झाला. चित्रकार अतिशय पातळ कागदावर शाईने रेषाचित्र काढी. त्याला हान्शिता म्हणत. कोरणारा तो कागद रानचेरीच्या फळीवर शाईची बाजू खाली करून चिकटवी, मागचे थर बोटांनी चोळून काढी आणि तेलाचा हात फिरवी. मग रेषा लख्ख दिसू लागत. उलटा चिकटवल्यामुळे चित्र आरशातल्यासारखे फिरे आणि छापल्यावर सरळ होई. सुरी कागद आणि लाकूड एकदमच कापीत जाई. फळी पुरी झाली की चित्रकाराच्या हातचे मूळ रेखाटन संपलेले असे.

म्हणून आज उरलेली हान्शिता बहुतेक अशा कामांची आहेत, जी छापली गेलीच नाहीत. जपानी चित्रकार होकुसाईची 103 लहान रेखाटने ब्रिटिश म्युझियमने 2020 मध्ये मिळवली. ती एका नियोजित चित्रकोशासाठी केलेली होती आणि ग्रंथ निघाला नाही म्हणूनच वाचली. खाक्यात रेषा किती नेमकी असावी, हे शिकणाऱ्याने ती अवश्य पाहावीत.

1765 पासून चित्रकार सुझुकी हारुनोबूच्या काळात बहुरंगी छपाई रूढ झाली आणि एका चित्राला अनेक खाके लागू लागले. काळ्या रेषेच्या फळीवरून आधी काही प्रती काढत. एका रंगाला एक प्रत घेऊन चित्रकार तो रंग कुठे हवा ते दाखवी, आणि त्या प्रती नव्या फळ्यांवर चिकटवून कोरल्या जात. कागद दर वेळी त्याच जागी बसावा म्हणून प्रत्येक फळीवर केंतो नावाच्या दोन खाचा असत : एक कोपऱ्यात काटकोनी, दुसरी कडेला सरळ. त्या काळ्या रेषेच्या फळीवरून काढलेल्या प्रतींतूनच पुढच्या फळ्यांवर उतरत, त्यामुळे त्यांनाही खाक्याचा भाग मानणे योग्य. स्त्रीच्या कपाळाकडचे केस चित्रकार ढोबळ दाखवून सोडी; एकेक केस सुटा करण्याचे काम मुख्य कोरणाऱ्याचे. म्हणजे खाक्यात जागा रिकामी ठेवणे हेही एक सांगणेच होते, आणि ते समजणारा हात समोर आहे हा भरवसा त्यामागे होता.

युरोप : चित्रकार बहुधा फळीवरच रेखाटत. जर्मन चित्रकार ड्यूररने स्वतः काही फळ्या कोरल्या का, याविषयी मतभेद आहेत. धाकट्या होल्बाइनच्या मृत्युनृत्य-मालिकेच्या फळ्या हान्स ल्यूट्झेलबुर्गर याने कोरल्या. एकेक चित्र सुमारे 6.5 × 5 सेंमी. एवढेच असून एका फळीवर त्याची अक्षरमुद्रा आहे. तो 1526 मध्ये वारला. मालिका ल्यों येथे 1538 मध्ये प्रसिद्ध झाली. फर्निचरवरील नक्षीसाठी इंग्लिश फर्निचरकार चिपेन्डेलचा छापील नमुनासंग्रह (1754) दूरवर वापरला गेला.

पेथापूर : गांधीनगरजवळचे हे गाव कापडछपाईच्या सागवानी ठशांसाठी प्रसिद्ध आहे. लाकूड घासून गुळगुळीत करतात, त्यावर पांढरा लेप देतात म्हणजे रेषा उठून दिसते, आणि टोचलेल्या खाक्यातून नक्षी उतरवतात. बाह्यरेषेचा ठसा ‘रेख’, जमिनीचा म्हणजे पार्श्वभूमीचा ‘गद’, आतल्या भरणीचा ‘दत्ता’. तिन्ही एकाच खाक्यातून निघतात, म्हणूनच कापडावर एकमेकांत बसतात. कोपऱ्यातला बारीक ठिपका पुढचा ठसा कुठे टेकवायचा ते दाखवतो. केंतोचे काम इथे हा ठिपका करतो. कापडाच्या दोन्ही अंगांनी छापायच्या अजरखसाठी सुलट-उलट अशी ठशांची जोडी लागते. तेव्हा तोच कागद पालथा घालतात. खाका झिजला तर त्यावरून दुसरा टोचता येतो. कारागिराच्या घरी ठशांइतकेच हे कागदही जपण्याजोगे असतात, पण संग्रहालये ठसे घेतात आणि कागद मागे राहतात.

काश्मीर : अक्रोडावर नक्काश आधी नक्षीच्या रेषा टोकाने ओरखडून घेतो, मग जमीन उतरवतात.

उठावकाम : खाका बाह्यरेषाच देतो, खोलीसाठी मातीचा नमुना करतात.

महाराष्ट्र : पेशवाईतल्या वाड्यांच्या सागवानी कामात सुरूच्या आकाराचे खांब, केळफूल, महिरपी आणि गणेशपट्ट्या ठळक आहेत. पुण्याचा विश्रामबागवाडा हे दुसऱ्या बाजीरावाच्या काळातले उदाहरण. एकाच वाड्यात तेच पान, तेच फूल खांबामागून खांबावर सारख्या मापाने येते, यावरून सुतारांजवळ कापीव नमुने असावेत असा तर्क करता येतो. टोचलेल्या कागदाचे तत्त्व मराठी घरांत रांगोळीमुळे सर्वांच्या परिचयाचे आहे : उदबत्तीने भोके पाडलेला कागद जमिनीवर ठेवून वरून रांगोळी फिरवली की ठिपके समान अंतरावर उतरतात.

यंत्रावरील कोरीवकाम : संगणकावरील रेखाटन यंत्राला पुरवतात, धाग्याची दिशा तिथेही माणसालाच पाहावी लागते.