शेपटीविना विमान

संक्रांतीच्या दिवसांत महालांतील एखाद्या गच्चीवरून आभाळाकडे पाहावें, म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. पेंच लढविणाऱ्या पतंगांना शेपटी नसते. मांजा ताणला कीं वाऱ्याच्या दाबानें आडवी कामटी वांकते, पतंगाच्या दोन्ही बाजू मागें झुकतात आणि तो सरळ वर चढतो. ढील मिळतांच तो सपाट होऊन गिरक्या घेतो. स्थैर्य शेपटीवांचून, केवळ आकारानेंहि साधतें.

विमानांत असेंच आकाराचें स्थैर्य जॉन विल्यम डन या ब्रिटिश सेनाधिकाऱ्यानें शोधलें. टेहळणी करणाऱ्याचे हात व डोळे मोकळे असावेत, विमानानें आपला तोल आपणच सांभाळावा, हा त्याचा आग्रह. राईट बंधूंचें यंत्र याच्या अगदीं उलट होतें. त्याचा तोल सर्वस्वीं वैमानिकाच्या हातीं असे.

डननें शेपटी वगळली, पंख बाणाच्या टोंकासारखे मागें वळविले आणि त्यांना पीळ दिला. मागें गेलेलीं पंखांचीं टोंकेंच शेपटीचें काम करूं लागलीं. १९०७ सालीं स्कॉटलंडांतील ब्लेअर अॅथॉल येथें सैन्यानें गुप्तपणें चाचण्या घेतल्या. १९०९ मध्यें मात्र युद्धखात्यानें हात आंखडला. पुढें खाजगी भांडवलावर 'डी. ५' हें विमान तयार झालें. डिसेंबर १९१० मध्यें ईस्टचर्च येथें, खुद्द ऑर्व्हिल राईटच्या देखत, डननें उडत्या विमानाचे दांडे सोडून दिले आणि कागदावर टिपण लिहिलें! १९१३ सालीं त्याच्या 'डी. ८' नें इंग्लिश खाडी ओलांडली.

मग हा प्रयोग मागें कां पडला? जो गुण, तोच अडसर ठरला. जें यंत्र वाऱ्याला दाद देत नाहीं, तें वैमानिकालाहि चटकन् दाद देत नाहीं. पतंगबाज ढील देतो ती याचसाठीं. थोडें स्थैर्य सोडल्यावांचून चपळपणें वळतां येत नाहीं. पहिल्या महायुद्धांत आकाशांत झुंजी सुरू झाल्या आणि चपळ विमानांना मागणी आली. १९१४ सालीं कॅनडानें आपलें पहिलें लष्करी विमान म्हणून डनच्या धर्तीचें यंत्र घेतलें. तें युद्धांत उडालेंच नाहीं.

१९८९ सालीं प्रथम उडालेल्या अमेरिकेच्या 'बी-२' या बाँबफेकी विमानालाहि शेपटी नाहीं. तेथें तोल संगणक क्षणोक्षणीं सांभाळतो. वैमानिकाच्या हातांवरील भार हलका करण्याची डनची इच्छा अशी फळाला आली; मात्र जें काम त्यानें पंखांच्या आकाराकडे सोंपविलें होतें, तें आतां गणितानें पत्करलें आहे.