परसातले अन्न, घरातले बी

श्रोतेहो, भाद्रपदात ऋषिपंचमी येते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, असा पुष्कळ घरांतून बायकांचा नेम असतो. नांगराखालच्या जमिनीतले धान्य त्या दिवशी वर्ज्य. मग खायचे काय? अळू, माठ, भेंडी, पडवळ, सुरण, लाल भोपळा, मक्याची कणसे, या सगळ्यांची मिळून एक भाजी. आता सांगा बरे, नांगर न फिरवता इतक्या भाज्या येत कुठून? घरामागच्या परसातून. हा नेम म्हणजे व्रत तर आहेच; पण घरोघरी परस असे आणि त्यात भाद्रपदापर्यंत सात-आठ भाज्या तयार होत, याची ती एक नोंदही आहे. कागदावर नाही, ताटात लिहिलेली.

असा इतिहास राजेरजवाड्यांच्या बखरींत सापडत नाही. तो मातीत शोधावा लागतो. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी 1968 पासून 1982 पर्यंत उत्खनन केले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे खेडे उजेडात आले. त्या लोकांच्या घरांतून जळके दाणे मिळाले. सातू, मसूर, वाल असे धान्य-कडधान्य होते, आणि बोरांच्या आठळ्याही होत्या. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, आपण वाल-पावटे घालून भाजी करतो आणि सुगडात बोरे घालतो. ही ओळख किती जुनी आहे, पाहा!

पण जुने तेवढेच आपले, असे मात्र समजू नका. ऋषिपंचमीच्या त्याच भाजीतला मका आणि लाल भोपळा मूळचे अमेरिकेतले. कोलंबस 1492 साली तिकडे पोचला, 1510 साली पोर्तुगीजांनी गोवा घेतले आणि त्यांच्या जहाजांबरोबर नवी झाडे आपल्या किनाऱ्याला लागली. बटाटा, काजू, पपई, अननस ही नावेच पोर्तुगीजांकडून आलेली आहेत. मिरचीसुद्धा तिकडचीच. त्याआधी आपल्या जेवणाला तिखटपणा येई तो मिरी, पिंपळी आणि आल्याचा. एकादशीचे ताट घ्या. बटाटा, रताळे, शेंगदाणे, हिरवी मिरची आणि आजचा साबुदाणा ज्यापासून होतो तो कसाव्याचा कंद, हे सगळे अमेरिकेहून आलेले पाहुणे! आणि पाहुण्यांना आपण थेट उपासाच्या ताटात बसवले.

हे कसे घडले? घरच्या बाईने त्यांचे बी धरले म्हणून. नवा वेल परसात चढला, फळ गोड लागले, तर त्यातले एक चांगले फळ ती वेलावरच जून होऊ देई. दुधी वाळवून आढ्याला टांगायचा, कडधान्याला राख चोळून मडक्यात भरायचे, कणसांची जुडी चुलीच्या धुराजवळ बांधायची. दहा-वीस पावसाळे असे गेले की ते बी त्या गावच्या मातीला आणि पाण्याला सरावते. मग त्याला आपण गावरान म्हणतो. तेव्हा स्थानिक अन्न कोणते? ज्याचे बी आपल्या घरात आहे ते.

परसाची मांडणीही विचाराची असे. मोरीचे पाणी वाया जात नसे. ते केळीला आणि अळूला मिळे. मांडवावर पडवळ, दोडका, घोसाळी चढत आणि त्या सावलीत आले-हळद वाढे. कुंपणाला शेवगा, दाराशी कढीपत्ता, कडेला उकिरड्याचे खत. गोव्यातली कुळागरे पाहिलीत तर हीच रीत मोठी झालेली दिसेल. वर माड आणि पोफळी, पोफळीवर मिरवेल, खाली केळी, त्याखाली अननस, आणि पाटाने झऱ्याचे पाणी. शेतातही बाजरीत मटकी-हुलगा आणि ज्वारीत तूर पेरीत. कडधान्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात. शिवाय एक पीक बुडाले तर दुसरे हात देते.

मग ही रीत मागे का पडली? दोष एकाचा नाही. 1964 साली ज्वारीचे पहिले संकरित वाण आपल्या देशात आले. 1972 च्या दुष्काळात लोकांनी मिलो आणि सुकडी खाल्ली. तेव्हा जास्त उताऱ्याचे बी हवेहवेसे वाटले यात नवल नाही. त्याने पोटे भरली. पण संकरित वाणाचे बी पुढच्या वर्षी तसेच उगवत नाही, ते दरसाल विकत घ्यावे लागते. बी धरण्याची सवय सुटली. नळ आले, मोरीचे पाणी गटारात गेले, भाजी बाजारातून येऊ लागली.

तिकडे ऑस्ट्रेलियात 1978 साली बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन यांनी एक पुस्तक लिहिले आणि टिकाऊ शेतीच्या विचाराला ‘पर्माकल्चर’ हे नाव दिले. झाडांचे थर लावा, पाणी आणि कचरा वाया घालवू नका, निरनिराळी झाडे एकत्र वाढवा, असे त्यांचे सांगणे. आपल्या आजीला ते ऐकून हसू आले असते. पण नाव मिळाल्याने विचार जगभर गेला, हेही खरे.

आणि आपल्याकडे धागा पुरता तुटलेला नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी वाल, भात, भाजीपाला यांची गावरान बियाणी गोळा करून जपली, इतरांना वाटली. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बी राखणे ही विद्या आहे, हे त्या दिवशी सरकारदरबारीही मान्य झाले म्हणा ना!

तेव्हा गुरुजी, बाई, एक करा. वर्गातल्या मुलांना सांगा, की घरी आजीला विचारा: तुझ्या लहानपणी परसात कोणते वेल होते? त्यांतल्या कशाचे बी आज कुणाकडे आहे? नावांची यादी फळ्यावर लिहा. ज्यांचे बी मिळेल ते शाळेच्या परसबागेत टोका आणि पहिले फळ खाऊ नका, बियांसाठी ठेवा. आणि शेतकरी मायबहिणींनो, मांडवावरचा एक दुधी या वर्षी तोडू नका. जून होऊ द्या, वाळवा, टांगा. ज्या भाजीचे बी गेले, तिची चव पुढच्या पिढीला नुसती सांगून कळत नाही.