छायाचित्रातील मोटारीचे कूळ

दक्षिणी मराठा संस्थानांशी ज्यांच्या घराण्यांचा चाकरीचा किंवा सोयरिकीचा संबंध आला, अशा धारवाड-हुबळीकडील मराठी कुटुंबांच्या जुन्या संग्रहांत एका विशिष्ट प्रकारचे छायाचित्र पुष्कळदा आढळते. मध्यभागी एक भव्य मोटार, तिच्या पायरीवर अगर शेजारी पागोटी आणि लांब कोट घातलेली मंडळी, चाकाशी अदबीने उभा असलेला चालक, आणि खाली कोणा पुढच्या पिढीतील माणसाने शाईने लिहिलेली ओळ : ‘राजेसाहेबांची रोल्स’. ही ओळ कित्येकदा खरी असते आणि कित्येकदा खरी नसते. ती खरी की खोटी हे छायाचित्रावरूनच कसे ठरवावे, आणि ते ठरविण्याने काय साधते, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करण्याचा आमचा मानस आहे.

या विचाराला आमच्या परिसरातच एक चांगला आधार आहे. धारवाडहून बेळगावकडे निघाले की महामार्गालगत बेलूरची औद्योगिक वसाहत लागते. हे होयसळांच्या मंदिराचे बेलूर नव्हे. हे आपले कित्तूरच्या वाटेवरचे बेलूर. टाटा मोटर्स आणि ब्राझीलमधील मार्कोपोलो या कंपन्यांनी २००६ साली संयुक्त कंपनी स्थापन केली आणि या वसाहतीच्या परिसरात बसगाड्या बांधण्याचा मोठा कारखाना उभा राहिला. बस बांधण्याची पारंपरिक रीत ज्याने पाहिली असेल त्याला एक गोष्ट ठाऊक असते. इंजिन, चाके आणि लोखंडी सांगाडा मिळून जी ‘चासिस’ होते ती वेगळी, आणि तिच्यावर चढते ती ‘बॉडी’ वेगळी. दोन्हींचे कर्ते एकच असतील असे नाही.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी उंची मोटारींचाही हाच न्याय होता. रोल्स-रॉइस कंपनी त्या काळी केवळ चासिस विकत असे. स्वतःच्या नावाची तयार बॉडीसह मोटार तिने १९४९ साली ‘सिल्व्हर डॉन’च्या रूपाने प्रथम आणली. त्याआधी गिऱ्हाईक चासिस घेई आणि ती बॉडी बांधणाऱ्या पेढीकडे पाठवी. लंडनची बार्कर ही पेढी १७१० सालची आणि हूपर १८०५ सालची. म्हणजे मोटार जन्माला येण्यापूर्वी कित्येक पिढ्या त्या घोड्यांच्या बग्ग्या बांधत होत्या. आपल्याकडे मद्रासची सिम्प्सन ही १८४० सालची पेढीही बग्ग्यांवरूनच मोटारींकडे वळली. लाकडाची चौकट, तिच्यावर हाताने ठोकून वळविलेले पत्रे, आत कातड्याची बैठक आणि शेवटी रंगाचे अनेक हात, असे ते काम असे. विलायतेत चौकटीला ॲश नावाचे चिवट लाकूड वापरीत; आमच्या हवेला आणि वाळवीला सागवानच टिके.

तात्पर्य, अशा मोटारीला माहेर आणि सासर अशी दोन घरे असतात. चासिसचे नाव हे तिचे माहेर आणि बॉडीचे नाव हे सासर. छायाचित्रात आपल्याला बहुतांशी सासरचा शृंगार दिसतो आणि आपण नाव मात्र माहेरचे सांगू पाहतो. बहुतेक चुका येथेच होतात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण मराठी दरबारातीलच आहे. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३०च्या दशकात ड्यूसेनबर्ग या अमेरिकन कंपनीची ‘एसजे’ जातीची चासिस घेतली आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या पेढीकडून दोन आसनांची, मागे निमुळती होत जाणारी बॉडी बांधविली. कंपनीच्या सांगण्यानुसार या जातीच्या इंजिनाची शक्ती ३२० अश्वशक्ती होती. ही मोटार अमेरिकन म्हणावी, विलायती म्हणावी की मराठी? तिच्या बॉडीकडे पाहून जो तिला विलायती ठरवील तो माहेर चुकेल, आणि जो तिला केवळ ड्यूसेनबर्ग म्हणून थांबेल तो तिचे वेगळेपण गमावील. कोल्हापूरच्या दसऱ्यात छत्रपती घराण्याची जी जुनी मेबॅक मोटार लोक कौतुकाने पाहत आले, तिच्या कुळाचीही हीच तऱ्हा. मेबॅक कंपनी झेपेलिन विमानांची इंजिने करणारी. तिच्या चासिसवरच्या बॉड्या बहुतकरून राव्हेन्सबुर्ग येथील श्पोन या पेढीत बांधल्या जात.

आता प्रत्यक्ष छायाचित्र हाती घेतल्यावर काय पाहावे, ते क्रमाने सांगतो. पहिली तपासणी मोटारीची नव्हे, छायाचित्राचीच करावी. जुन्या काचेवरून छाप काढताना काच उलटी ठेवली गेली तर उजव्याचे डावे होते आणि सुकाणूचे चाक भलत्या बाजूला दिसते. विलायती मोटारीचे सुकाणू डावीकडे दिसले की लगेच ती अमेरिकन ठरवू नये. आधी मंडळींच्या कोटांची बटणे पाहावीत. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते. सर्वांचेच कोट उलटे दिसत असतील तर दोष छापाचा आहे. पाटीवरील अक्षरे वाचता आली तर प्रश्नच मिटला.

दुसरी सावधगिरी रंगाची. त्या काळातील पुष्कळशा काचांना आणि फिल्मना तांबडा प्रकाश जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे तांबडा आणि भगवा रंग छायाचित्रात काळपट उमटतो आणि निळा रंग फिकट. इंदूरच्या त्या ड्यूसेनबर्गचा रंग नारिंगी आणि काळा होता; अशा फिल्मवर हे दोन्ही रंग जवळपास सारखेच दिसले असते. तेव्हा ‘काळी मोटार’ असे छायाचित्रावरून लिहिणे धोक्याचे आहे.

यानंतर रेडिएटर पाहावा, कारण बॉडी कोणाचीही असली तरी रेडिएटर बहुधा चासिसबरोबर येतो. रोल्स-रॉइसचा रेडिएटर सरळ कडांचा, चपट्या त्रिकोणी माथ्याचा, एखाद्या यवनी देवळाच्या दर्शनी भागासारखा असतो. डेमलरच्या रेडिएटरच्या माथ्यावर उभ्या पन्हळी असतात. व्हॉक्सहॉलच्या बॉनेटवर लांब खाचा असतात. रोल्सच्या घराण्यातही भेद आहेत. १९२२ साली निघालेल्या ‘ट्वेंटी’ या लहान मोटारीच्या रेडिएटरवरील पट्ट्या सुरुवातीची अनेक वर्षे आडव्या होत्या; मोठ्या फॅन्टमच्या पट्ट्या उभ्या. रेडिएटरवरची मूर्ती मात्र दुय्यम पुरावा समजावी. रोल्सवरची पंख पसरलेली स्त्री १९११ साली चार्ल्स साइक्स या शिल्पकाराने घडविली आणि हिस्पानो-सुइझावर उडता करकोचा असे, हे खरे. पण मूर्ती काढून दुसरी बसविणे हे पाच मिनिटांचे काम आहे.

मग चाके पाहावीत. लाकडी आऱ्यांची, तारेच्या आऱ्यांची की तबकडीने झाकलेली, हे तर पाहावेच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुढच्या चाकांच्या तुंब्यामागे ब्रेकचा ढोल आहे की नाही ते पाहावे. रोल्स-रॉइसने आपल्या मोठ्या चासिसला पुढचे ब्रेक १९२४ साली बसविले. म्हणजे मोठ्या रोल्सच्या पुढच्या चाकात ढोल दिसत असेल आणि खाली ‘सन १९२१’ असे लिहिले असेल, तर सन चुकले आहे, किंवा ब्रेक मागाहून बसविले आहेत आणि छायाचित्र त्यानंतरचे आहे. शेवटी मोजमाप घ्यावे. मोटार बाजूने दिसत असेल तर पुढच्या-मागच्या आसांमधले अंतर चाकाच्या उंचीशी ताडून पाहावे. ‘ट्वेंटी’मध्ये हे अंतर १२९ इंच होते, पहिल्या फॅन्टममध्ये १४३½ किंवा १५०½ इंच. एवढा फरक फूटपट्टीनेही कळतो.

बॉडीचा कर्ता ओळखणे याहून अवघड. तेथे दाराच्या मुठी, बिजागऱ्या, खिडक्यांखालून जाणारी उठावाची रेषा, चिखलपंखांचा बाक आणि टपाच्या लोखंडी कमानी यांवर नजर ठेवावी लागते. बॉडीला पत्र्याची झळाळी नसून कापडी मंदपणा असेल तर ती वेमान पद्धतीची, लाकडी चौकटीवर कातडी कापड ताणलेली बॉडी असू शकते. ही पद्धत १९२०च्या दशकात प्रचारात आली. मागच्या बैठकीला पडदे अगर गडद काचा असतील तर ती राणीवशासाठी असण्याचा संभव. जादा शोधदिवे असतील तर शिकारीसाठी. तरीही एक शंका मनात ठेवावी. जुन्या चासिसवरून उतरविलेली बॉडी नव्या चासिसवर चढविली जाई आणि जुन्या चासिसलाही नवी बॉडी मिळे. पुनर्विवाहाची शक्यता सोडून या कुळाचा शोध घेताच येत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. खाली ‘राजेसाहेबांची रोल्स’ लिहिलेले एक छायाचित्र आहे. मोटार उघडी, चाके लाकडी आऱ्यांची, पुढच्या चाकांना ब्रेक आहेत. रेडिएटरच्या माथ्याला त्रिकोण नाही. त्याचे खांदे वळणदार आहेत. म्हणजे रोल्स नव्हे. खांदे पाहून जाणकार पॅकार्ड म्हणेल. पण १९२४च्या ब्यूइकचा रेडिएटर पॅकार्डशी इतका मिळताजुळता होता की त्या काळीही लोक फसत. आणि पुढचे ब्रेक ब्यूइकलाही त्याच वर्षी आले. आकारमान लहान असेल आणि रेडिएटरवरचे चिन्ह चौकोनी असेल, तर मोटार ब्यूइक ठरते. रोल्सची ब्यूइक झाली म्हणून घरातील मंडळी हिरमुसतात. आमच्या मते येथे हिरमुसण्यासारखे काही नाही.

कारण येथेच खरा इतिहास सुरू होतो. ग्वाल्हेर, बडोदे आणि इंदूर यांची गोष्ट वेगळी. १९०८ साली मुंबई-कोल्हापूर मार्गावर, वाटेतले घाट चढून उतरून, ६२० मैलांच्या चाचणीत उतरलेली रोल्स-रॉइस ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी विकत घेतली; ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ या नावाने ती प्रसिद्धीस आली. पण जमखिंडी, रामदुर्ग, मुधोळ, कुरुंदवाड ही संस्थाने त्या मापाची नव्हती. त्यांच्या दारात अमेरिकन मोटार असणे हे कमीपणाचे नव्हे, शहाणपणाचे होते. या मोटारी आमच्या कच्च्या वाटांवरून चालत आणि त्यांचे सुटे भाग मुंबईला मिळत. जनरल मोटर्सने तर १९२८ साली शिवडी येथे मोटारजोडणीचा कारखानाच काढला. प्रत्येक संस्थानिकाच्या दारात रोल्स उभी करणारी ओळ त्या घराण्याचा मान वाढवीत नाही. संस्थानिक म्हणजे केवळ उधळपट्टी, या प्रचलित समजुतीलाच ती हातभार लावते. खरे नाव लावले की संस्थानाचे खरे माप कळते.

दुसरे कारण अधिक निकडीचे आहे. १९४८ साली दक्षिणेकडील संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. १९५६च्या पुनर्रचनेत जमखिंडी, मुधोळ, रामदुर्ग, सावनूर कर्नाटकाकडे आली आणि सांगली, मिरज, कुरुंदवाड पलीकडे राहिली. दप्तरे विभागली, माणसे विभागली, संग्रहही विभागले गेले. १९७१ साली तनखे बंद झाले. भारतातील कित्येक जुन्या मोटारी त्याआधीच परदेशी गेल्या होत्या. १९७२ साली त्यांच्या निर्यातीवर बंदी आली तोवर उशीर झाला होता. उरल्यांपैकी काहींच्या बॉड्या उतरवून मालवाहू गाड्या केल्या गेल्या, काही भंगारात गेल्या. अशा मोटारीचा पुरावा म्हणून पुष्कळदा छायाचित्रच तेवढे मागे राहिले आहे. रोल्स-रॉइसच्या बाबतीत इंग्लंडमधील रोल्स-रॉइस एन्थुझिअस्ट्स क्लब या संस्थेने कारखान्याची मूळ चासिसवार नोंदपत्रे जपली आहेत. क्रमांक सापडला तर पहिला मालक आणि बॉडीचा कर्ता यांपर्यंत पोहोचता येते. पण तिथवर नेणारा धागा आपल्या पेटीत आहे.

आणि तो धागा तुटत आहे. अलीकडे मोटारीचे छायाचित्र म्हटले की त्याला गिऱ्हाईक मिळते. संग्रहातून तेवढेच पान सुटे होते. खालचा पुठ्ठा, त्यावरील छायाचित्रकाराचा ठसा, मागची तारीख आणि शेजारच्या पानावरील नावे घरातच राहतात अगर रद्दीत जातात. मोटार ओळखली जाते आणि माणसे कायमची अनोळखी होतात. मोटारीचे नाव शंभर वर्षांनीही रेडिएटरवरून सांगता येईल. चालकाचे, मिस्त्रीचे, पायरीवर बसलेल्या त्या मुलाचे नाव कोणत्याही खुणेवरून सांगता येणार नाही. ते केवळ घरातील वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहे आणि त्या पिढीतील फार थोडी मंडळी आता आपल्यात आहेत.

म्हणून आमची वाचकांना विनंती आहे. छायाचित्र पुठ्ठ्यावरून सोडवू नये. त्याच्या दोन्ही बाजूंची प्रत काढून ठेवावी. जुनी ओळ चुकीची वाटली तरी खोडू नये. तीही एक साक्ष आहे. नवी माहिती मागे मऊ पेन्सिलीने लिहावी, सांगणाऱ्याचे नाव आणि दिनांक घालून लिहावी. आणि लिहिताना मोटारीआधी चालकाचे नाव विचारावे.